कान शाबूत असलेला कप

वाचकहो, हातातलं काम बाजूला ठेवा आणि जमत असेल तर उभे राहा. इतिहासकारांच्या निव्वळ आळसामुळे नोंदवायची राहून गेलेली एक बाब मी आज जाहीर करतो आहे. नव्वदच्या दशकात बेलापूरच्या आमच्या ऑफिसात कान शाबूत असलेला कप फक्त एक होता.

बसा आता. पुढचं बसून ऐकण्यासारखं आहे.

आमची कंपनी पाण्याचे पंप विकायची. आमचा विभाग विकलेल्या पंपांच्या तक्रारी ऐकायचा आणि सुटे भाग पाठवायचा. कंपनीनं मुंबईच्या फोर्टातलं ऑफिस उचलून खाडीपलीकडे आणलं, तेव्हा सामानाच्या खोक्यात कपबशाही आल्या. खोकं उघडलं तर सगळ्या कपांचे कान वाटेत गळून पडलेले. एकच कप धडधाकट निघाला. पांढरा, पोटावर निळा मोर, कान अगदी ऐटदार. बाकीचे कप आम्ही पुढे कित्येक वर्षं रुमालात धरून वापरले, कारण नवे कप मागवायचा अर्ज हेड ऑफिसला गेला तो गेलाच.

आता मोराचा कप कोणी घ्यायचा? पहिले दोन दिवस त्यावरून धुसफुस झाली. तशीही सगळ्यांची तोंडं फुगलेलीच होती. फोर्टात खाली उतरलं की जग होतं. इथे खिडकीतून बघावं तर रुंद रस्ता, त्यावर एक कुत्रा आणि पलीकडे डोंगर. तिसऱ्या दिवशी चार वाजता आमचे हेडक्लार्क उठले, मोराचा कप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पट्टीनं टेबलावर ठक्कन वाजवून म्हणाले, "कामकाज सुरू करण्यात येत आहे. कालच्या चहापासून आजच्या चहापर्यंत ज्याची सर्वांत मोठी फजिती झाली असेल, त्याला हा कप. बोला."

त्या क्षणापासून ते आमचे सभापती झाले. त्यांचं खरं नाव पुढे फक्त पगारपत्रकात उरलं.

सभापतींची मूर्ती किरकोळ, चेहरा पंचांगासारखा. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. एखादी फजिती फारच आवडली तर ते चष्मा काढून पुसायचे. त्यांचा चष्मा उतरला की सांगणाऱ्याला आपलं सोनं झाल्यासारखं वाटायचं. नियम कडक होते. फजिती स्वतःचीच हवी. दुसऱ्याची सांगितलीत तर "कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे." ती खरी हवी. तिखटमीठ लावलंत तर ते हात वर करायचे, "थांबा. इथे मीठ जास्त झालं." आणि सांगणाऱ्यानं स्वतः हसायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की फजिती गरम असतानाच वाढावी. शिळी झाली की ती मनात आंबते.

आमच्याकडचे जाधव डिस्पॅच बघायचे. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला खांदेश्वरला. तिकडे सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातून काढलेल्या. एकदा जाधव बोलायला उभे राहिले.

"काल संध्याकाळी घरी गेलो. जिना चढलो, चपला काढल्या, दार उघडंच हुतं. सरळ मोरीत जाऊन हातपाय धुतलं, पंख्याखाली बसलो. आतनं कुकरची शिट्टी झाली. म्हटलं, आज भाजी काय गं?"

"मग?" सभापती.

"आतनं आवाज आला, दोडका. पण तुम्ही कोण?"

"पुढे?"

"पुढं काय, बिल्डिंग शेजारची हुती. पण मी खरं सांगू का, आवाज परका हाय हे मला नंतर कळलं. आमच्यात दोडका होत न्हाई, हे आधी कळलं."

सभापतींचा चष्मा उतरला. जाधवांना कप मिळाला आणि त्यांनी तो चहा असा भुरके मारत प्यायला की जणू राज्याभिषेक चाललाय.

टायपिस्ट ज्योत्स्ना करावे गावातली. वडिलांची होडी, भाऊ खाडीत जाळी टाकणारे आणि घरातून ऑफिसात आलेली ही पहिलीच. सुरुवातीला ती इतकी घाबरलेली असायची की टाइपरायटरचा आवाज झाला तरी "सॉरी" म्हणायची. एके दिवशी ती सकाळपासून डोळे पुसत होती. विचारलं तर सांगेना. चार वाजता सभापतींनी पट्टी वाजवली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "कोणाकडे काही आंबत असेल तर काढा बाहेर."

ती उठली. "मी... मी ना, कार्बन उलटा घातलेला. सगली पत्रं तशीच गेली. पुढं एक पत्र नि त्याच्याच पाठीवर तेच पत्र, उलटं. आज एका पार्टीचा फोन आला. बोलला, बाई, तुमचं पत्र आमी आरशात पन वाचलं. दोनी बाजूंनी पंप बंदच हाय."

ऑफिस हसून कोसळलं. सभापतींनी चष्मा पुसला, स्वतःच्या हातानं मोराचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाई, आज तुम्ही ऑफिसात रुजू झालात." त्यानंतर ती रडल्याचं मला आठवत नाही. उलट तिची जीभ अशी सुटली की साहेबही तिला वचकून राहू लागले.

माझ्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर वाचकांना वाटेल मी फार शहाणा होतो. मी एकदा एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता त्याला म्हणालो, "जरा थांबा हं, मी फोनवर आहे," आणि फोन ठेवून दिला. कप माझा.

तर अशी ही सभा. दिवस नेहमीसारखाच कंटाळवाणा असायचा. व्हॉल्व गळतोय, वॉशर मिळाला नाही, मोटर गरम होते. पण काहीही बिघडलं की मनात पहिला विचार यायचा, चला, चारला सांगायला झालं. लोक चुका लपवायचे थांबले. लपवून कप मिळत नव्हता ना!

आता खुद्द सभापतींकडे वळू. या सगळ्या कारभारात एक भयंकर अन्याय दडलेला होता. मोराच्या कपातून सभापतींनी एकदाही चहा प्यायलेला नव्हता. कारण त्यांची फजितीच व्हायची नाही.

हा माणूस दोन रुमाल बाळगायचा, एक वापरायला आणि एक पहिला हरवला तर. पाकिटात सुईदोरा आणि शर्टाचं जादा बटण. चपलांच्या आतल्या बाजूला शाईनं आद्याक्षरं. छत्री भर उन्हाळ्यातही बरोबर आणि तिच्या दांड्यावरही आद्याक्षरं. ड्रॉवरला कुलूप लावल्यावर ते तो ओढून बघायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. भाजीतली मिरची त्यांना डबा उघडल्याबरोबर दिसायची. अशा माणसाकडे फजिती फिरकणार कशी?

एकदा दुपारी आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. डोंगराकडे बघत ते अचानक म्हणाले, "मला एकदा तरी त्या कपातून चहा प्यायचाय हो."

"मग प्या की! कप काय कुलपात आहे?"

"तसा नको. हक्कानं. आमची ही होती ना, ती म्हणायची, तुमच्याशी लग्न झालं म्हणजे टाइमटेबलाशी झालं. सारखी वाट बघायची, कधीतरी हा माणूस धांदरटपणा करील आणि मी पोट धरून हसेन. राहूनच गेलं ते." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. दुसरा नव्हे, पहिलाच. "घरी आता माझ्यासारखी एकच व्यक्ती आहे. सूनबाई. शाळेत शिकवते. तिच्या हातूनसुद्धा कधी काही चुकत नाही. रात्री जेवताना तिला इथल्या सगळ्या फजित्या सांगतो. जाधवांचा दोडका तर तिनं दोनदा सांगायला लावला. काल विचारत होती, बाबा, तुमचा नंबर कधी?"

त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांची ही इच्छा कळल्यावर मी, जाधव आणि ज्योत्स्ना यांनी गुप्त बैठक घेतली आणि ठरवलं, की सभापतींची फजिती घडवून आणायचीच.

पहिला प्रयत्न जाधवांचा. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे ढकललं, म्हणजे सभापती चहाची सभा भलत्याच वेळी भरवतील. सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, स्टुलावर चढून काटे जागेवर आणले आणि खाली उतरून म्हणाले, "जाधव, काट्यांना डिस्पॅचची शाई लागली आहे." कप जाधवांना गेला.

दुसरा प्रयत्न माझा. साहेब बाहेर गेले आहेत हे बघून मी त्यांच्या केबिनमध्ये शिरलो आणि तिथून सभापतींना फोन लावला. आवाज बदलून म्हणालो, "मी अमुक गावचा पाटील बोलतोय, तुमच्या पंपातून पाण्याऐवजी मासे येतायत." पलीकडून शांत आवाज आला, "पाटील, तुम्ही साहेबांच्या केबिनमधून बोलताय. आणि काचेतून दिसतंय ते असं, की साहेब तुमच्या मागे उभे आहेत." मी वळलो. उभे होते. तो कप मी मान खाली घालून प्यायलो.

ज्योत्स्नानं तर त्यांच्या छत्रीच्या जागी साहेबांची हुबेहूब तशीच छत्री ठेवली. सभापती स्वतःची छत्री शोधून घेऊन गेले आणि ज्योत्स्ना त्या गडबडीत उरलेली, म्हणजे साहेबांची छत्री घेऊन करावेला पोचली. त्या महिन्यात कप आमच्या तिघांतच फिरत राहिला.

शेवटी सभापतींनी स्वतःच प्रयत्न केला. एक दिवस ते शर्टाची बटणं चुकीच्या काजांत लावून आले. आम्ही आनंदानं एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. दिवसभर कोणी चकार शब्द काढला नाही. चारला पट्टी वाजली. सभापती उभे राहिले.

"सभापतींच्या शर्टाची बटणं आज चुकीची लागली आहेत." आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले. "परंतु ती आरशात बघून, मुद्दाम लावण्यात आली आहेत. सबब बाद." आणि खाली बसून त्यांनी सगळी बटणं नीट लावली. त्यांचा पडलेला चेहरा बघून जाधव जिन्यात जाऊन उगाचच नाक शिंकरून आले.

आणि मग तो दिवस आलाच. महिन्याची अखेर. सेंड-ऑफ चारच्या चहालाच ठेवला. शाल, श्रीफळ, झेंडूचा जाडजूड हार. साहेबांनी भाषणात सभापतींना कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं आणि नंतर दोन वेळा भलत्याच नावानं हाक मारली. शेवटी ज्योत्स्ना पुढे झाली. तिनं मोराचा कप कागदात गुंडाळून आणला होता.

"सर, हा आमच्या सगल्यांकडून. न्या तुमी घरी."

सभापतींनी कागद सोडला. कप दोन्ही हातांत धरला, मोराकडे बघितलं. वाटलं, घेतात. मग त्यांनी तो दुसऱ्या रुमालानं पुसला आणि फळीवर परत ठेवला.

"बाई, न जिंकता कसा नेऊ? उद्या कोणाची तरी फजिती होईल, त्यानं कशातून प्यायचं?" पुढे माझ्याकडे वळून पट्टी हातात दिली. "उद्यापासून तुम्ही."

ड्रॉवर ओढून बघितला, जिन्यापर्यंत गेले, परत येऊन पुन्हा ओढला आणि गेले. हार टेबलावरच राहिला होता. जाधवांनी तो त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगला. मी घरी जाऊन आरशासमोर पट्टी आपटत "कामकाज सुरू करण्यात येत आहे" म्हणून बघितलं. ते इतकं वाईट वाटलं की बायको आतून ओरडली, "कोण पडलं?"

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. पहिल्या तारखेला आमच्याकडे मरायला फुरसत नसायची. मागच्या महिन्याच्या तक्रारी वर काढायच्या, साठा मोजायचा, फोन तर कोकलत असायचेच. मी पोचलो तेव्हा सभापती पिवळ्या फडक्यानं खुर्ची पुसत होते. मी म्हणालो, "गुड मॉर्निंग." ते म्हणाले, "वॉशरचा साठा आधी बघा." मी बघायला गेलो.

थोड्या वेळात त्यांचा आवाज आला, "बाई! नवा महिना, नवं मस्टर, आणि त्यात माझंच नाव नाही? लक्ष कुठे असतं?"

"सॉरी सर," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिनं धावत जाऊन वळणदार अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी सही केली.

अकराच्या सुमाराला साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. एका गिऱ्हाइकाचा सुटा भाग चुकीच्या गावी गेला होता. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "तुमच्यासारखा माणूस असताना हे होतंच कसं?" सभापती मान हलवत बाहेर आले आणि सगळं निस्तरलं. दुपारी डबा उघडला. भरली वांगी होती. "सूनबाईनं आज साग्रसंगीत केलंय," म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना वाढली. जाधवांनी बोटं चाटली.

चार वाजले. पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. सभापतींनी नुसता हात पुढे केला, मी ती काढून दिली. खरं सांगतो, मला केवढं हायसं वाटलं! रात्रभर ज्या वाक्याचा धसका घेतला होता, ते परस्पर त्यांनीच म्हटलं.

"कामकाज सुरू करण्यात येत आहे. बोला."

कोणाकडेच काही नव्हतं. एवढा धबडगा, पण एकही धड फजिती नाही. सभापती आपला बिनकानाचा कप रुमालात धरून वाट बघत होते. तेवढ्यात वरून झेंडूची एक सुकलेली पाकळी त्यांच्या चहात पडली.

त्यांनी पाकळीकडे बघितलं. मान वळवून खिळ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा हार इथे कोणी टांगला? आज कोणाची जयंती आहे?"

"तुमचाच हाय न सर तो," ज्योत्स्ना म्हणाली. "कालचा. सेंड-ऑफचा."

पंख्याचं कुरकुरणं तेवढं चालू होतं. जाधवांचा बिनकानाचा कप अर्ध्या वाटेत थांबला होता. आम्ही सगळे, ज्यांनी त्यांना काल हार घालून निरोप दिला होता, दिवसभर त्या हाराकडे आणि त्याच्या बरोबर खाली बसलेल्या त्या माणसाकडे बघत होतो. कोणालाही काहीही खटकलं नव्हतं.

"आयला," जाधव पुटपुटले, "मी तुमच्याकडनं तीन चलनं सही करून घेतली."

"मी मस्टरवर नाव लिवलं!" ज्योत्स्ना किंचाळली.

आवाज ऐकून साहेब केबिनबाहेर आले. "काय चाललंय?" म्हणाले, मग सभापतींकडे बघितलं, हाराकडे बघितलं आणि हळूच दाराच्या चौकटीला टेकले. "अरे देवा. सकाळी मी यांना झापलं."

"साहेब, तुमची फजिती मोठी!" जाधव म्हणाले.

"वा रे वा, आमचीपन हाय!" ज्योत्स्ना.

"शांतता!" मी पट्टी उचलून ठक्कन वाजवली. आरशासमोर न जमलेला आवाज त्या वेळी कुठून आला कोण जाणे. "सभापती आज स्वतः उमेदवार आहेत, म्हणून निकाल मी देतो. घटना आजची आहे. स्वतःची आहे. आणि मुद्दाम केलेली नाही. नाही ना?"

सभापतींनी नकारार्थी मान हलवली.

"मग कप आणा."

ज्योत्स्नानं फळीवरून मोराचा कप काढला, विसळला आणि काठोकाठ भरून त्यांच्यापुढे ठेवला. सभापतींनी सवयीनं रुमाल पुढे केला, मग त्यांच्या लक्षात आलं की याला कान आहे. रुमाल बाजूला ठेवून त्यांनी दोन बोटांनी अलगद कान धरला. एक घोट घेतला. चष्मा काढला, पण पुसला नाही. तो तसाच टेबलावर ठेवला आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग आवाज बाहेर आला, शाळा सुटल्यासारखा. साहेब हसत होते, जाधव टेबलावर बुक्क्या मारत होते, ज्योत्स्ना भिंतीला धरून उभी होती.

आणि दुसऱ्या घोटाला कप ओठांशी नेता नेता सभापती एकदम थांबले. नजर शेजारच्या रिकाम्या डब्यावर गेली. भरल्या वांग्यांचा रस्सा अजून त्याच्या कडेला लागलेला होता. ते डब्याकडे बघत राहिले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अहो, पण मग सूनबाईनं डबा का भरून दिला?"